नग्गरचा बर्फ आणि दीड अंशाचा वाद

फोंडा, गोवा
रविवार, रात्र

प्रिय मित्र दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

बुधवार ते शुक्रवार या दिवसांत तुमच्या हिमाचलातल्या नग्गरला बर्फ पडणार की पाऊस, आणि शनिवारी येऊ घातलेल्या पाहुण्यांना काय कळवायचे, असे तू विचारले आहेस. टपालाने उत्तर धाडले असते तर ते पोहोचेपर्यंत बर्फ पडून वितळलाही असता, म्हणून ई-मेलने पाठवतो. लिहितो मात्र पत्रच, कारण फोनवर तुला दोन वाक्यांत निकाल हवा असतो आणि हा निकाल दोन वाक्यांत बसणारा नाही. तू पाठवलेल्या चित्रांपैकी एका ॲपने बावीस सेंटिमीटर बर्फ दाखवला आहे आणि दुसऱ्याने निव्वळ पाऊस, आणि यांतले खरे कोणते हा तुझा प्रश्न आहे. माझ्या मते तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. दोन्ही चित्रे बहुतांशी एकच हकिकत सांगत आहेत. ज्या एका बाबतीत ती वेगळी पडतात, नेमकी तिच्यावर तुझी बाग येऊन बसली आहे, एवढेच.

आधी एकमत कशावर आहे ते सांगतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडत येणारा पश्चिमी झंझावात बुधवारी रात्री हिमाचलात पोहोचेल, याविषयी हवामानाचा अंदाज संगणकावर गणिताने काढणाऱ्या मॉडेलांत, म्हणजे अमेरिकेचे जीएफएस, युरोपीय केंद्राचे मॉडेल, जर्मनीचे आयकॉन आणि आपल्या नोएडाच्या केंद्राचे मॉडेल यांच्यात गेले तीन दिवस फारसा मतभेद उरलेला नाही. पाण्याच्या हिशेबातही ती जवळजवळ आहेत: मनाली ते नग्गर या पट्ट्यात सगळे मिळून तीस ते चाळीस मिलिमीटर. इतक्या आधी इतकी जुळणी दिसली की येण्याचा दिवस आणि एकूण पाणी हे दोन मुद्दे मी मिटले असे धरतो आणि त्यांवर पुन्हा वेळ घालवत नाही.

वाद आहे तो झंझावात निघून जाण्याच्या वेळेचा. त्याच्या पुढच्या अंगाला नैऋत्येकडून उबदार, दमट वारा येतो आणि हवेतली शून्य अंशाची पातळी वर चढते. त्याची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, पूर्वेकडे सरकली की मागून वायव्येचा थंड वारा शिरतो आणि ती पातळी खाली उतरते. त्यामुळे तुझ्याकडे आधी पाऊस, मग बर्फमिश्रित पाऊस आणि शेवटी बर्फ, हा क्रम जवळपास ठरलेला आहे. ठरलेले नाही ते एवढेच की, हवा बर्फाजोगी थंड होईल तेव्हा ढगांत पाणी किती शिल्लक असेल. जीएफएस द्रोणीला घाईने पुढे नेते, त्यामुळे बहुतेक सारे पाणी उबदार टप्प्यातच पडून जाते आणि थंडी येईतो आकाश मोकळे होऊ लागते. युरोपीय मॉडेल तिला शुक्रवारी दुपारपर्यंत रेंगाळत ठेवते, त्यामुळे थंड हवेच्या वाट्यालाही दहा-बारा मिलिमीटर पाणी येते. मनालीच्या वरच्या सोलंगला दोन्हींत बर्फच आहे. कुलूला, म्हणजे सुमारे १,२०० मीटरवर, दोन्हींत पाऊसच आहे. मनालीला, २,०५० मीटरवर, बर्फ कमी की जास्त एवढाच प्रश्न आहे. तुझे नग्गर १,८०० मीटरच्या आसपास. दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते असे धरले तर मनाली आणि तू यांच्यात दीड अंशाहून किंचित अधिक फरक पडतो, आणि सगळी भांडणे त्या दीड अंशात चालली आहेत.

आता त्या बावीस सेंटिमीटरांकडे वळतो, कारण त्या आकड्याने तुझी झोप उडवलेली दिसते. मॉडेल आधी पाणी मोजते; बर्फाची जाडी हा नंतरचा हिशेब असतो. अनेक ॲप सरळ एकास दहा हे प्रमाण लावतात, म्हणजे एक मिलिमीटर पाण्याला एक सेंटिमीटर बर्फ. कोरड्या, कडक थंडीत हे प्रमाण पंधरा किंवा वीसपर्यंतही जाते. पण शून्याच्या आसपास पडणारा ओला, जड बर्फ पाच-सहापटच भरतो, आणि तो पावसाने भिजलेल्या, अजून उबदार जमिनीवर पडला तर पहिला थर साचायच्या आधीच विरघळतो. तुझ्या ॲपने युरोपीय मॉडेलचे पाणी घेतले, त्यातले निम्म्याहून अधिक थंड टप्प्यात ढकलले आणि दहाने गुणले, असा माझा तर्क आहे. तो बावीसचा आकडा मी तरी आठ-दहाच्या वर धरणार नाही.

दुसरी गोष्ट डोंगरांची, आणि हिमाचलात हीच सर्वांत मोठी अडचण आहे. मॉडेल जमिनीचे चौकटींत तुकडे पाडून हिशेब करते; जीएफएसची ही जाळी सुमारे तेरा किलोमीटरची आणि युरोपीय मॉडेलची नऊ किलोमीटरची. या मापाच्या एकेका चौकटीत तुझी बियासची दरी आणि दोन्ही बाजूंचे कडे यांची सरासरी काढली जाते. भांड्यांच्या उतरंडीवर गोधडी पसरावी तसा मॉडेलमधला हिमालय दिसतो: शिखरे बसकी आणि दऱ्या भरलेल्या. साहजिकच मॉडेलमधले नग्गर खऱ्या नग्गरपेक्षा बरेच उंचावर असते आणि तेथे बर्फ पडणे सोपे असते. चांगली ॲप तापमान उंचीप्रमाणे दुरुस्त करून घेतात, पण पाऊस की बर्फ हा निवाडा पुष्कळदा उंच चौकटीवरचाच राहतो. म्हणून कधीकधी चार अंश तापमानाशेजारी बर्फाचे चिन्ह दिसते आणि माणूस चक्रावतो. सह्याद्रीच्या बाबतीत आपण हे दर पावसाळ्यात पाहिलेलेच आहे. डोंगराजवळच्या वाळपईला धो धो कोसळत असते, किनाऱ्यावरच्या पणजीला त्या मानाने बेताचे असते, आणि ठोकळ जाळीचे मॉडेल दोघींना जवळजवळ सारखेच माप घालते.

पण एवढ्यावरून दुसऱ्या ॲपचा निव्वळ पाऊसही मी मान्य करणार नाही, कारण अरुंद दरीची स्वतःची एक युक्ती असते जी ठोकळ जाळीला दिसत नाही. पडणारा बर्फ वितळताना भोवतीच्या हवेची उष्णता घेतो. जोराची सर बराच वेळ टिकली आणि दरीत वारा नसला तर हवेचा सबंध थर शून्याकडे खेचला जातो आणि बर्फाची रेषा दोनतीनशे मीटर खाली उतरते. आरंभी हवा कोरडी असली तर बाष्पीभवनानेही तिला गारवा येतो. ही दोन्ही कारणे तुझ्या बाजूची आहेत, विशेषतः रात्री. त्यांचा भरवसा धरता येत नाही, कारण सरीला जोर नसेल तर काहीच घडत नाही आणि रात्रभर नुसता गार पाऊस पडत राहतो.

येथे गोव्यात या दिवसांत हवामानाचा छंद असलेल्या माणसाला उपासच घडतो. डिसेंबरापासून सगळी मॉडेले एकमुखाने कोरडे आकाश दाखवतात; आंब्याच्या मोहोरावर ढगाळ हवा येते का, पहाटे दव किती पडते, इतकाच काय तो विषय. त्यामुळे तुझा बर्फ ही आमच्या मंडळींना पर्वणी वाटते आहे. मडगावचे सर जीएफएसचे अभिमानी. ते मॉडेल दिवसातून चार वेळा धावते, म्हणून सकाळचे नऊ वाजून गेले की सरांचे नकाशे येऊ लागतात आणि दुपारी, रात्री, पुन्हा पहाटे येतच राहतात. म्हापशाचा आपला वकील युरोपीय पंथाचा. तो जेवणाच्या वेळेपर्यंत गप्प असतो आणि त्याच्या मॉडेलचा सकाळचा निकाल आला की सरांच्या चारही नकाशांवर एकदम हरकत घेतो. दोघांचा एक दोष मात्र समान आहे: ज्या फेरीत बर्फ जास्त ती फेरी त्यांना अधिक विश्वासार्ह वाटते. काल रात्री जीएफएसच्या एकाच फेरीने तुझ्याकडे भरपूर बर्फ दाखवला तेव्हा वकीलही दोन तास अमेरिकेचा झाला होता.

वकिलाची बाजू पोकळ नाही. सरासरी गुण काढले तर युरोपीय मॉडेल अनेक वर्षे वरचढ ठरत आले आहे, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी हे चक्रीवादळ समुद्रात निघून न जाता अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वळेल, हे त्यानेच आधी ओळखले होते. परंतु २०१५ च्या जानेवारीतले न्यूयॉर्क मी त्याला नेहमी ऐकवतो. २६ आणि २७ तारखेला तेथे वीस ते तीस इंच बर्फाचा इशारा होता, भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली होती, आणि त्या इशाऱ्यामागे युरोपीय मॉडेलचा मोठा आधार होता. जीएफएस शहरासाठी बरेच कमी सांगत होते. सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात ९.८ इंच पडला. पूर्वेकडे लाँग आयलंडवर मात्र दोन फुटांच्या घरात बर्फ पडला, म्हणजे वादळ ओळखण्यात चूक नव्हतीच. दाट बर्फाच्या पट्ट्याची कड पूर्वेला सरकली आणि कोट्यवधी लोकांचे शहर नेमके त्या कडेवर होते. तेथे वाद आडव्या अंतराचा होता, तुझ्याकडे तो उभ्या उंचीचा आहे. कडेवर राहणाऱ्याने एका आकड्यावर विसंबू नये हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

म्हणून मी एकेकटा नकाशा सोडून एन्सेम्बल पाहतो. युरोपीय केंद्र आरंभीच्या स्थितीत किंचित फेरफार करून एकच अंदाज एक्कावन्न वेळा चालवते, अमेरिकेचे केंद्र एकतीस वेळा. आजच्या दुपारच्या युरोपीय संचात निम्म्याहून थोड्या अधिक धावांत नग्गरच्या उंचीवर शुक्रवारपर्यंत काहीतरी बर्फ साचतो. पण त्यांतही दहा सेंटिमीटरच्या पुढे जाणाऱ्या धावा मोजक्याच आहेत. अमेरिकी संचात साचणाऱ्या धावा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहेत. सर आणि वकील ज्या दोन नकाशांवरून भांडतात, ते या पसाऱ्याची जवळजवळ दोन टोके आहेत, आणि खरा अंदाज मधल्या गर्दीत आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांविषयीही तू विचारले होतेस. युरोपीय केंद्राने २०२५ च्या फेब्रुवारीपासून असे एक मॉडेल नियमित चालवायला घेतले आहे, आणि झंझावाताची मोठी चाल ओळखण्यात ती मंडळी खरोखर हुशार आहेत. तुझ्या प्रश्नाला मात्र त्यांचा उपयोग कमी, कारण त्याची जाळी तीस किलोमीटरच्या घरातली आहे. तेवढ्या चौकटीत तुझी दरी कोठेच उरत नाही. त्यापेक्षा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमकडे मी जास्त आशेने पाहतो. २०२५ च्या मे महिन्यात ती सुरू झाली आणि तिची जाळी सहा किलोमीटरची आहे. नऊ आणि सहा यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण डोंगरात तो किरकोळ नसतो.

तर आज रात्रीचे माझे मत असे. बुधवारी रात्री पाऊस सुरू होईल, गुरुवारी दिवसभर पाऊस किंवा बर्फमिश्रित पाऊस राहील, गुरुवारी रात्री कधीतरी तो बर्फात बदलेल, आणि शुक्रवारी संध्याकाळी बागेत चार ते दहा सेंटिमीटर ओला बर्फ असेल. काहीच न साचण्याची शक्यता मी तीनात एक धरतो. पंधराच्या वर जाण्याची फार थोडी. पाहुण्यांना शनिवारऐवजी रविवारी यायला सांग. त्याचे कारण बर्फाची जाडी नव्हे: आभाळ मोकळे झाले की शुक्रवारच्या रात्री पारा शून्याखाली जाईल आणि वितळलेले पाणी रस्त्यावर गोठेल, आणि घसरगुंडीला दहा सेंटिमीटर लागत नाहीत. लाकडे बुधवारीच आत घे. सफरचंदांची काळजी करू नकोस. झाडांना हिवाळ्यात हजाराहून अधिक तास गारवा लागतो, त्यात ही भरच पडेल. कोवळ्या कलमांच्या फांद्या मात्र शुक्रवारी सकाळी हलवून झाड, कारण ओला बर्फ फार जड असतो.

मंगळवारी रात्रीनंतर मॉडेलांपेक्षा तुझ्या अंगणातला तापमापक अधिक बोलेल. त्याच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळ, वारा घाल, आणि पारा स्थिरावला की वाच. तो एक अंशाच्या खाली असेल तर बहुधा बर्फ, दोनच्या वर असेल तर पाऊस, आणि मधे असेल तर सरीचा जोर पाहा. मनालीत बर्फ सुरू झाला की तेथल्या तुझ्या स्नेह्यांना फोन कर; तेथून रेषा खाली किती वेगाने येते आहे हे कोणताही नकाशा इतक्या लवकर सांगणार नाही. हवामान खात्याची कुफरी, जोत आणि मुरारी देवी येथली रडार मीही येथून पाहत राहीन, मात्र मधल्या डोंगरांमुळे दरीच्या तळाशी काय चालले आहे ते रडारला नीट दिसत नाही. खात्याचा इशारा पिवळ्याचा नारिंगी झाला तर माझे हे सगळे पत्र बाजूला ठेवून त्याप्रमाणे वाग.

आणखी एक काम. घराच्या आडोशापासून दूर एक पांढरी फळी सपाट ठेव, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता तिच्यावरची उंची पट्टीने मोज, मग तेवढा बर्फ डब्यात वितळवून पाणी किती भरते तेही लिहून ठेव. मला दोन्ही आकडे हवेत. नुसत्या जाडीवरून सर आणि वकील पुन्हा भांडत बसतील. मंगळवारी रात्री युरोपीय फेरी आली की मी तुला नवा अंदाज चार ओळींत कळवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तिळगूळ वेगळा पाठवला आहे.

तुझा,
विनायक