सईस, गेल्यानंतर

प्रिय सई,

काल रात्री तू आणि बाबा ताटावरून उठलात तेव्हा मी मध्ये पडले नाही. आज तू गेल्यापासून तुझ्या पुस्तकांच्या खोक्यांना ते कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांचा राग तुझ्यावर नाही गं. मामाचं जे झालं ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पहिला जीव कसा झाला यावर माझी मुलगी पीएचडी करणार, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. भीती एकच वाटते. हयात गेली आणि उत्तर मिळालंच नाही तर?

शाळेत असताना तू स्टॅनली मिलरचं उपकरण वहीच्या मागच्या पानावर काढलं होतंस, सुरुवातीच्या पृथ्वीसारखी स्थिती चंबूत उभी करून पाहणाऱ्या त्या रसायनशास्त्रज्ञाचं. खालच्या चंबूत उकळतं पाणी, वरच्यात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि ठिणग्या पाडणाऱ्या दोन तारा. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी झालं आणि आठवड्याअखेर गडद लाल, म्हणून एकाच चंबूत दोन्ही रंग भरले होतेस. त्यात ग्लायसिन सापडलं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं तयार झाली, हे मला मोठ्याने वाचून दाखवलंस आणि विचारलंस, "पण आई, ते हललं का?" १९५३ पासून आजवर कुणाच्याही चंबूतलं काही हललेलं नाही, सई. म्हणून तर मला झोप लागत नाही.

मिलर तेव्हा ऐन तेविशीतला. त्याच्या मार्गदर्शकांनी, हॅरॉल्ड युरींनी, आधी नकोच म्हटलं होतं. मग परवानगी दिली ती मुदत घालून: तेवढ्यात काही हाती आलं नाही तर विषय बदलायचा. तूही तुझ्या सरांशी हे आधीच बोलून घे. रात्र रात्र प्रयोगशाळेत बसू नकोस. नोंदी रोजच्या रोज लिही. प्रयोग फसला तर दोन दिवस फोन बंद ठेवायचा, हे तर अजिबात चालणार नाही... बघ, झालं माझं सुरू. माफ कर. उपदेश करायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते.

२००७ साली मिलर गेला तेव्हाही प्रश्न उभाच होता. पण त्याने जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या त्याच्या विद्यार्थ्यांनी नव्या यंत्रांवर तपासल्या, तर त्यात त्याला दिसली होती त्याहून कितीतरी जास्त अमिनो आम्लं निघाली. हे वाचून मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. त्याला कळलंच नाही ना ते!

बाबांनाही मी थोडं समजावलं. डीएनएची नक्कल व्हायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनं बनवायची माहिती डीएनएत, मग आधी कोण? चेक आणि ऑल्टमन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आरएनए, म्हणजे डीएनएचाच भाऊबंद रेणू, माहितीही साठवतो आणि विकराचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचं, कामही करतो. १९८९ चं नोबेल त्यालाच मिळालं. बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं सापडली, हे ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि "कुठे छापलंय?" म्हणून विचारलं. एवढं पुरे आहे सध्या.

मला मात्र पाण्याचं कोडं सुटत नाही. आरएनएच्या साखळीत दुवा जुळताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो. मग भोवती पाणीच पाणी असताना साखळी टिकावी कशी? पहिला जीव ज्वालामुखीजवळच्या डबक्यांत झाला असेल हे मला पटतं: डबकी वाळली की दुवे जुळतील, भिजली की रेणू पुन्हा मिसळतील. पण समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांकडे ऊर्जा आयतीच आहे म्हणतात, तेही खोटं वाटत नाही. तुझे सर कुठल्या बाजूचे? आणि तू? सविस्तर लिही, बाबाही वाचतील. मुदतीचं तेवढं सरांना नक्की विचार.

तुझी,
आई