शिरस्तेदार काका, माझी सनद तुमच्यामुळे टिकली

ती. शिरस्तेदार काकांस,
शि. सा. नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेतलास काय गं?" म्हणून विषय बदलता. आजवर तीनदा तसंच झालं. म्हणून आता चार लोकांसमोर लिहिते आहे.

सात वर्षांपूर्वी पावसात भिजत तुमच्या, कोर्टाच्या मुख्य कारकुनाच्या, दारात आले, तेव्हा वकिली सोडायचं ठरवूनच आले होते. बेळगावला कायद्याचं शिक्षण झालं, सनद मिळाली, निपाणीच्या कोर्टात सीनियरांच्या टेबलाशी दीड वर्ष बसले. या दीड वर्षात स्वतःचा म्हणावा असा एकच दावा हाती आला होता, एका विधवा आजींचा, घरातल्या हिश्श्याचा. त्याची नोटीस आली ती कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतली. बोललेलं कन्नड बऱ्यापैकी कळायचं, पण कागद पुढे आला की नजर घसरायची. कुणाकडून तरी वाचून घेऊ म्हणून तो कागद फाइलीत ठेवला आणि त्यातच तारीख गेली. वादी गैरहजर, दावा डिसमिस. आजी मला काही बोलल्या नाहीत. पदरानं कपाळ पुसत कोर्टाच्या पायरीवर बसून राहिल्या. माझ्या आईची बोटं जर्द्यानं पिवळी झालेली, आयुष्यभर विड्या वळून तिनं मला शिकवलं, आणि मी तिच्यासारख्याच एका बाईचा दावा घालवला होता.

तुम्ही रागावला नाहीत. "डिसमिस कधी झाला?" एवढंच विचारलंत आणि बोटांवर मोजलंत. "आज अकरावा दिवस. तीस दिवस असतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर नऊ, रूल नऊ. अर्ज टाक, दावा परत फाइलवर येतोय." मग आतून जुन्या कॉज लिस्टांचा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या याद्यांचा, गठ्ठा आणलात, एक कागद पालथा केलात आणि त्यावर कन्नड 'व' काढलात. त्याला शेपूट लावलंत आणि म्हणालात, "हा झाला 'म'. आता तू काढ."

दर रविवारी सकाळी दोन तास, आठ महिने. तुमची शिकवायची तऱ्हाच वेगळी. अक्षरं झाल्यावर तुम्ही बालभारती धरली नाहीत, थेट कोर्टाचे शब्द घेतलेत. दावा तो 'दावे', पंचनामा तो 'पंचनामे', तकरार ती 'तकरारु', वकील ते 'वकीलरु'. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, अशी वही भरत गेली. सीमाभागात वाढलेल्या माझ्यासारखीच्या मनात त्या लिपीबद्दल एक अढी असते. शाळेचा प्रश्न, बसवरच्या पाट्या, मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा दर एक नोव्हेंबरचा काळा दिवस, हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं असतं. तुम्ही ती अढी खोटी ठरवली नाहीत. मराठीत कागद मागायचा आपला हक्क सोडू नको, असंच तुम्ही सांगत आलात. पण त्या दिवशी म्हणालात, "पोरी, भांडण सरकारशी हाय, अक्षराशी न्हवं. म्हातारीचा कागद वाचता आला न्हाई तर तिच्या बाजूनं भांडणार कशी?" हे वाक्य मी रोज कोर्टाची पायरी चढताना आठवते.

दुसरी गोष्ट तुम्ही दिलीत ती बाबासाहेबांची. आमच्या घरी बाबासाहेब फोटोत होते, घटनेचं पुस्तक हातात घेतलेले. तुम्ही मला काम मिळत नसलेला वकील दाखवलात. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, पण मुंबई हायकोर्टाची सनद काढायला पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली आणि जुलै १९२३ मध्ये वकिली सुरू झाली. बॅरिस्टरकडे खटले पाठवणारे सॉलिसिटर काम देईनात. जातीमुळे देईनात. पुढे घरखर्चासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, जवळजवळ तीन वर्षं. "आणि तू दीड वर्षात कटाळलीस?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मला खरंच उत्तर सुचलं नव्हतं. त्या आठवड्यातच मी सकाळच्या शिकवण्या धरल्या. त्या पैशांवर पुढची दोन वर्षं काढली.

मग तुम्ही सांगितलंत की अस्पृश्यांच्या बहिष्कृत परिषदेचं तिसरं प्रांतिक अधिवेशन आपल्या निपाणीत झालं, एप्रिल १९२५ मध्ये, आणि अध्यक्ष होते बाबासाहेब. तुमचे आजोबा त्या मांडवात बसले होते. माझं लहानपण याच गावात गेलं, पण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या अधिवेशनावेळी बाबासाहेबांना सनद घेऊन दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. वय तेहतीस. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बेळगाव जिल्ह्यातून बळवंतराव वराळे निवडून मुंबईच्या विधिमंडळात गेले. हे सांगताना तुमचा आवाज बदलतो, मी पाहिलं आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ तुम्ही लावलात तो महाडच्या दाव्याला. जेधे-जवळकरांचा 'देशाचे दुश्मन' पुस्तिकेवरचा १९२६ चा खटला तुम्ही पाच मिनिटांत उरकलात, कायदेमंत्रिपद आणि १९५१ चा राजीनामा तर एका वाक्यात. महाडला मात्र तीन रविवार गेले. डिसेंबर १९२७. चवदार तळ्यावर दुसऱ्यांदा जायला हजारो माणसं जमलेली, मार्चमध्ये याच पाण्यासाठी त्यांनी मार खाल्लेला, आणि ऐन तोंडावर कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम येतो. महाडच्या सवर्णांनी लावलेल्या दाव्यात पहिले प्रतिवादी स्वतः बाबासाहेब. तळ्याकडे निघालेल्या माणसांना थांबा म्हणायचं, हे पुढाऱ्याला किती जड गेलं असेल! आणि हुकूम मोडायचा तर वकिलाला किती जड. त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात नेली. मनाई हुकूम उठला, दावा फेटाळला गेला, अपिलं झाली. हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवायची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. तुम्ही वर्षं मोजून दाखवलीत, एका बोटाला एक वर्ष, दोन्ही हात संपेस्तोवर. आणि मला म्हणालात, "ह्या दहा वर्षांत तो माणूस कौन्सिलात गेला, गोलमेजला गेला, पक्ष काढला. पर दावा सोडला न्हाई."

मला वाटतं, त्यांचं राजकारण समजून घ्यायला एवढी एक फाइल पुरेशी आहे. मोठ्या सभांची वर्णनं मी पुष्कळ वाचली, पण माझ्या कामाला ही फाइल आली.

आजींचा दावा परत फाइलवर आला, ते तुम्हाला माहीत आहे. पुढचं पत्रातच सांगायचं म्हणून राखून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात निकाल लागला. हिस्सा मिळाला. निकालपत्र कन्नडमध्ये, अकरा पानं. कोर्टाबाहेर चिंचेखाली आजींच्या शेजारी बसून मी ते सगळं वाचलं आणि वाचता वाचता मराठीत सांगत गेले. एकही शब्द कुणाला विचारावा लागला नाही. पाचव्या पानावर आजींनी माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, त्यामुळे पानं एका हातानं उलटावी लागली.

काका, येत्या रविवारी निकालाची नक्कल घेऊन येते. वही मात्र परत मागू नका. माझ्याकडे आता एक ज्युनिअर मुलगी येते, मराठी शाळेतली. तिचं 'व' पर्यंत झालं आहे.

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी
निपाणी