तीनदा पुढे केलेले हात

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "व्हर्जिल म्हणजे होमरची झेरॉक्स आहे, आई. आणि दान्ते म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स." तुझ्या मागे स्टेशनवरचा गोंगाट चालू होता, म्हणून मी वाद घातला नाही. पण ते वाक्य निबंधात घालू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

रोमन कवी व्हर्जिलने ग्रीक कवी होमरकडून घेतलं हे उघडच आहे, त्याने ते लपवलेलंही नाही. त्याच्या ‘इनीड’ या महाकाव्याचे पहिले सहा सर्ग होमरच्या ‘ओडिसी’च्या वळणाचे, भटकंतीचे, पुढचे सहा ‘इलियड’च्या वळणाचे, लढाईचे. वृत्तसुद्धा होमरचंच. चोरीचा आरोप त्याच्यावर तेव्हाही झाला होता. त्यावर त्याने दिलेलं उत्तर जुन्या चरित्रात आहे: मग तुम्हीही करून बघा की अशी चोरी, हर्क्युलिसच्या हातातली गदा पळवणं सोपं, होमरची एक ओळ पळवणं अवघड. मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात आरोप नाकारलेलाच नाही.

तुझ्या प्राध्यापकांनी ‘प्रभाव’ हा विषय दिलाय आणि तू यादी करत बसला आहेस, कोणी कोणाकडून काय घेतलं याची. रोमन कवी ओव्हिडची पिरामस-थिस्बी ही प्रेमी जोडी शेक्सपिअरच्या नाटकात आली, हे प्रत्येक जण लिहिणार. तू एकच प्रसंग धर आणि तो शेवटपर्यंत सोडू नकोस. मी तुला एक देते.

‘ओडिसी’चा अकरावा सर्ग काढ. काव्याचा नायक ओडिसियस ट्रॉयच्या लढाईनंतर घरी परतताना मृतांच्या प्रदेशाशी गेला आहे, टायरेसियस या द्रष्ट्याला घरचा रस्ता विचारायला. तिथे त्याला आई दिसते. तो ट्रॉयला निघाला तेव्हा ती जिवंत होती; ती गेली हेच त्याला इथे कळतं. बळीचं रक्त प्यायल्याशिवाय मृतांना बोलता येत नाही, आणि द्रष्ट्याआधी कोणालाही रक्ताजवळ येऊ द्यायचं नाही, म्हणून तो स्वतःच्या आईला तलवारीच्या धाकाने थोपवून धरतो. मग ती रक्त पिते, त्याला ओळखते, सांगते की मला आजाराने नेलं नाही, तुझ्या ओढीने नेलं. तो तिला कवटाळायला तीनदा पुढे होतो आणि तीनदा ती सावलीसारखी, स्वप्नासारखी हातातून निसटते. हे देवीने पाठवलेलं भूत तर नाही ना, असं तो विचारतो. आई त्याला समजावते: मेल्यावर स्नायू हाडामांसाला धरून ठेवत नाहीत रे, ते सगळं चितेत जातं. आणि वर म्हणते, आता लवकर उजेडात जा, आणि हे सगळं लक्षात ठेव, म्हणजे बायकोला सांगता येईल. मेल्यावरही आईपण सुटत नाही ते असं.

आता व्हर्जिल. ‘इनीड’च्या सहाव्या सर्गात त्याचा नायक, ट्रॉयहून रोमचा पाया घालायला निघालेला इनियास पाताळात उतरतो, तिथे वडील भेटतात, अँकायसीझ. तीनदा हात पुढे, तीनदा रिकामे. झेरॉक्स? थांब. नेमक्या ह्याच तीन ओळी, एका अक्षराचाही फरक न करता, दुसऱ्या सर्गात येऊन गेल्या आहेत. ट्रॉय जळत असताना इनियासची बायको क्रेउसा मागे राहते, तो तिला शोधत परत फिरतो आणि तिची छाया समोर येते, तेव्हा. म्हणजे वडिलांपाशी पोहोचलेल्या वाचकाला फक्त ओडिसियसची आई नाही, क्रेउसाही आठवते. होमरमध्ये हा एका मुलाचा विरह होता. इथे ह्या माणसाने रोमसाठी काय काय सोडलं त्याचा हिशोब होतो. आणि वडील होमरच्या आईसारखे मृत्यूबद्दल बोलत नाहीत, पुढे जन्माला येणारे रोमन दाखवत सुटतात! मिठीचं दुःख राज्याच्या भवितव्याखाली दाबून टाकलं जातं. व्हर्जिलला ते दाबायचं होतं की दबलेलं दाखवायचं होतं, यावर तू स्वतः विचार कर. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. इ.स.पू. 19 मध्ये तो गेला तेव्हा काव्य पुरं झालेलं नव्हतं आणि ते जाळून टाकावं अशी त्याची इच्छा होती. सम्राट ऑगस्टसने ती मानली नाही.

दान्ते या इटालियन कवीबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: त्याने होमर वाचलेलाच नव्हता. त्याला ग्रीक येत नव्हतं आणि होमरचं लॅटिन भाषांतर तेव्हा हाती नव्हतं. तरी तो होमरला कवींचा राजा म्हणून हातात तलवार देऊन उभा करतो, निव्वळ ऐकीव कीर्तीवर. त्याच्या ‘पर्गेटोरियो’च्या (‘डिव्हाइन कॉमेडी’तला शुद्धिलोकाचा भाग; तो स्वतःच त्या प्रवासात आहे आणि व्हर्जिल त्याचा वाटाड्या) दुसऱ्या सर्गात कासेल्ला नावाचा गायक मित्र भेटतो. पुन्हा तीनदा मिठी, तीनदा हात परत स्वतःच्याच छातीवर. पण कासेल्ला हसतो! आणि दान्तेचंच गाणं गाऊन दाखवतो. सगळे आत्मे ऐकत उभे राहतात, तेवढ्यात तिथला राखणदार केटो येऊन खडसावतो, की इथे टाइमपास करायला आला आहात का. (पुढे सहाव्या सर्गात दोन छाया एकमेकींना खुशाल मिठी मारतात आणि एकविसाव्यात म्हटलंय की छायेला छायेचे पाय धरता येत नाहीत. टीकाकार यावर शतकानुशतकं डोकं खाजवत आहेत. तू त्यात पडू नकोस.)

खरं वाचायचं ते तिसाव्या सर्गात. इतका वेळ वाट दाखवणारा व्हर्जिल सोबत आहे, समोर दान्तेची दिवंगत प्रेयसी बिआत्रिचे प्रकटते, दान्ते थरथरतो आणि घाबरलेलं मूल आईकडे वळावं तसा व्हर्जिलकडे वळतो. त्याला म्हणायचं असतं, ‘जुन्या ज्वाळेच्या खुणा मला ओळखू येतात.’ हे वाक्य व्हर्जिलचंच आहे. ‘इनीड’च्या चौथ्या सर्गात राणी डायडो ते आपल्या बहिणीला म्हणते. गुरूचीच ओळ आपल्या भाषेत आणून गुरूला ऐकवायला वळावं, आणि गुरू तिथे नाही. ख्रिस्तपूर्व काळातला म्हणून त्याला स्वर्गात प्रवेश नाही. मग दान्ते लागोपाठ तीनदा त्याचं नाव घेतो, आणि तेही व्हर्जिलचंच: त्याच्या ‘जॉर्जिक्स’ काव्याच्या शेवटी ऑर्फियस या गायकाचं तुटलेलं शिर मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, तीनदा अशीच हाक मारतं. ह्याला तू झेरॉक्स म्हणणार असशील तर माझं पुढे काही म्हणणं नाही.

होमरचं मूळ ग्रीक इटलीतल्या कवींच्या हाती पोचलं ते त्यानंतर. इटालियन कवी पेत्रार्कला एका बायझंटाइन मुत्सद्द्याने होमरची पोथी पाठवली. त्याचं आभाराचं पत्र 1354 सालचं आहे. तो लिहितो, होमर माझ्यापुढे मुका आहे, किंवा मीच बहिरा आहे, तरी मी त्याला पुष्कळदा मिठीत घेऊन उसासे टाकतो. ‘ओडिसी’तला तो प्रसंग वाचता येत नसलेला माणूस तोच करून बसला होता बघ. पुढे पेत्रार्कचा लेखक मित्र बोकाच्चो याच्या खटपटीने लिओंझिओ पिलातो याने लॅटिन भाषांतर केलं, तेव्हा कुठे होमर बोलू लागला.

इंग्रज कवी मिल्टनचं ‘मेथॉट आय सॉ’ हे सुनीत चौदा ओळींचं आहे, ते वाच. मेलेली पत्नी (पहिली की दुसरी, यावर अभ्यासक अजून भांडतात) स्वप्नात परत येते. इथे हात जिवंत माणसाचे पुढे होत नाहीत, तीच मिठी मारायला वाकते आणि त्याला जाग येते. मिल्टन आंधळा होता, आणि आंधळ्याला जाग येणं म्हणजे पुन्हा अंधार.

आणि शेवटी आयरिश कवी शेमस हीनी. 2010 च्या ‘ह्यूमन चेन’ या संग्रहातली ‘अल्बम’ ही कविता. स्वतःच्या वडिलांना ज्या मिठ्या मारता आल्या असत्या त्या तो मोजतो. तरुणपणी नदीकाठी एक राहून गेली. शेवटच्या आठवड्यात वडिलांना न्हाणीघराकडे नेताना काखेखाली हात घातला, तीही एक. व्यवस्थित मिठी मारली ती नातवाने, खुर्चीतल्या आजोबांच्या गळ्यावर झडप घालून. व्हर्जिलच्या पाताळाची आठवण तो कवितेतच करून देतो. ‘इनीड’च्या सहाव्या सर्गाचं त्याचं भाषांतर तो गेल्यावर, 2016 मध्ये आलं. माझी प्रत कपाटात तिसऱ्या खणात आहे, गणपतीला आलास की घेऊन जा.

निबंधाची तारीख कधीची आहे ते कळव. कच्चा खर्डा झाला की सरांच्या आधी मला पाठव, आणि पाठवताना त्यातला होमर भाषांतर वाचून लिहिलेला असू दे, इंटरनेटवरच्या सारांशावरून नको. मला लगेच कळतं. बाबा म्हणतायत, मेसचं जेवण बरं नसेल तर डबा लाव.

तुझी,
आई