विसार देण्याआधी सातबारा वाचून दाखवणारं कुणीतरी द्या

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील एसटीत वाहक होते. २०२२ मध्ये निवृत्त झाले. हातात आलेले पैसे बँकेत पडून राहण्यापेक्षा जमिनीत गुंतवावेत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. "जमीन कुठं पळून जात नाही," हे त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. आमच्या घरात याआधी कुणी जागा घेतलेली नव्हती. सिंहगड रस्त्यावरचं राहतं घरसुद्धा भाड्याचं. त्यामुळे कुणाला काय विचारायचं, हेच माहीत नव्हतं.

सल्ला मात्र भरपूर मिळाला. दर रविवारी प्लॉटिंगवाल्यांची गाडी यायची, नगर रस्त्याच्या बाजूला घेऊन जायची, जेवण द्यायची. रिंगरोड कुठून जाणार, तीन वर्षांत गुंठ्याला काय भाव येणार, हे सगळं ते सांगत. सातबारा दाखवा म्हटलं, तर लगेच हातात दिला. वडिलांनी विकणाऱ्याचं नाव पाहिलं, गट नंबर पाहिला आणि समाधानाने घडी घालून खिशात ठेवला. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही तीन लाख रुपये विसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, दिला. पाचशेच्या स्टॅम्पवर विसारपावती, त्यावर नोटरीचा शिक्का. आम्हाला वाटलं, झालं पक्कं.

शेजारच्या इमारतीत एक निवृत्त तलाठी राहतात. पेढे द्यायला गेलो तेव्हा त्यांनी सातबारा मागितला, चष्मा लावला आणि थेट उजवीकडच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र'. म्हणजे ही कुळाला, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, कायद्याने मिळालेली जमीन. ती विकायला कायद्याने अटी आहेत आणि त्या पाळल्याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. मग त्यांनी वडिलांना विचारलं, "तुम्ही शेतकरी आहात का?" वडील गप्प. जमीन शेतीची, बिगरशेतीचा आदेश झालेला नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. शिवाय अकरा गुंठ्यांच्या एकाच सातबाऱ्यावर आम्ही धरून अकरा नावं चढणार होती. आपला गुंठा नेमका कुठला, हे कागदावर कुठेच दिसणार नव्हतं.

हे सगळं सांगायला त्या तलाठीकाकांना चार मिनिटं लागली. तीन लाखांपैकी पावणेदोन परत मिळाले. बाकीचे अजून यायचे आहेत. वडील त्यानंतर सहा महिने त्या विषयावर बोलले नाहीत. पैशापेक्षा मला तेच जास्त लागलं.

मंत्रिमहोदय, मी हे पत्र भरपाईसाठी लिहीत नाही. ज्याला आमच्या व्यवहारातून काही मिळायचं नाही, अशा माणसाची ती चार मिनिटं आम्हाला विसार देण्याआधी मिळायला हवी होती. शासनाकडे अशा चार मिनिटांची सोय नाही, म्हणून लिहितो आहे.

शासनाने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. सातबारा महाभूलेख या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. आधीच्या दस्तांची सूची २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधता येते. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदी बदलण्याच्या, नोटिसा लागतात. फ्लॅट घेणाऱ्यासाठी तर २०१६ चा रेरा कायदा मोठाच आधार आहे. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो. पण हे सगळं ज्याला माहीत आहे त्याच्याच उपयोगाचं. नवख्या माणसासमोर सातबारा येतो तेव्हा त्याला अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. 'भोगवटादार वर्ग २', 'नवीन अविभाज्य शर्त', 'बोजा', 'पोटहिस्सा', हे शब्द त्याने आयुष्यात ऐकलेले नसतात. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावर बंधन घालणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे वारंवार बदल झाले. आमच्यासारख्यांना ते कळतात एजंटाच्या तोंडून, तेही त्याला सोयीचे तेवढेच. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे फार चांगलं झालं. समोर बसलेला, आयुष्याची कमाई घेऊन आलेला माणूस मात्र एक धडाही न शिकता सही करतो. महारेराचा सलोखा मंच आहे, पण तिथे जायचं ते बिनसल्यावर.

वकिलाकडे जावं, हे खरंच आहे. मालकीच्या जुन्या नोंदी तपासणारा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडूनच घ्यायला हवा. पण लोक वकिलाकडे जातात विसार दिल्यावर. कित्येकदा तो वकीलही विकणाऱ्यानेच सुचवलेला असतो.

फसवणूक नसलेल्या व्यवहारातही हेच होतं. माझ्या मावसभावाने वाघोलीला साठ लाखांचा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतला. कागद सगळे चोख. मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे चार लाख वीस हजार, नोंदणी फी तीस हजार. भाडं येतं सतरा हजार, त्यातून मेंटेनन्सचे तीन हजार जातात. वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार. साडेचौसष्ट लाखांवर हे तीन टक्केसुद्धा नाहीत, आणि कर्जाचा हप्ता वेगळाच. बायकोच्या नावावर घेतला असता तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळाली असती, हे त्याला दस्त झाल्यावर कळलं. साठ हजार रुपये. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीखाली निदान जोखमीची एक ओळ असते. प्लॉटच्या फ्लेक्सवर फक्त भाव आणि फोन नंबर असतो.

माझी मागणी अशी. जिथे खरेदीचे दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस खरेदीपूर्व मार्गदर्शन कक्ष सुरू करा. तिथे निवृत्त तलाठी, मंडल अधिकारी, नायब तहसीलदार बसवा. घ्यावं की नाही, हे त्यांनी सांगू नये. त्यात कायद्याची गुंतागुंत होईल, हे मला कळतं. त्यांनी फक्त समोरचा कागद वाचून दाखवावा आणि कुठला कागद कमी आहे ते सांगावं. माफक शुल्क ठेवा, लोक आनंदाने देतील. जोडीला ऑनलाइन सातबाऱ्यावर इतर हक्कातल्या प्रत्येक नोंदीखाली साध्या मराठीत दोन ओळींचा अर्थ द्या. नोंदी ठरावीक प्रकारच्याच असतात, तेव्हा हे काही अवघड नसावं.

सुरुवात पुण्यातून व्हावी, असं मला वाटतं. नोंदणी महानिरीक्षकांचं आणि जमाबंदी आयुक्तांचं, दोन्ही मुख्यालयं इथेच आहेत. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. त्यांच्या पलीकडे विमानतळाच्या नावाने पुरंदरपर्यंत आणि कारखान्यांच्या नावाने शिरूरपर्यंत प्लॉट विकले जात आहेत. चाकणला कामाला आलेला बीडचा, लातूरचा मुलगा पहिली बचत घेऊन याच गाडीत बसतो. त्याच्या शेजारच्या इमारतीत निवृत्त तलाठी असेलच असं नाही.

आमच्या काकांशी मी बोललो आहे. वय एकाहत्तर, पण नजर शाबूत. दर शनिवारी सकाळी दहा ते एक बसायची त्यांची तयारी आहे आणि मानधन नको म्हणतात. त्यांच्या ओळखीचे आणखी दोघे यायला राजी आहेत. लोकांचे नंबर लावायला, झेरॉक्स काढायला मी थांबेन. आम्हाला टेबल आणि बसायची परवानगी हवी आहे. हवेलीतल्या कुठल्या कार्यालयात जागा देता येईल, तेवढं कळवावं.

आपला,
सिंहगड रस्ता, पुणे येथील एक रहिवासी