‘चांगला काउन्सेलर सांगा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की आपल्या अंकात आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीची चौकट रोज येते. सांगलीत ती अग्रलेखाच्या आधी वाचली जाते. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड या भागांत पाणी त्याच्या आधीच शिरतं, आणि 2005, 2019, 2021 हे तिन्ही पूर सोसलेल्या घरांत झोप त्याहूनही आधी उडते. मग ओळखीपाळखीत विचारणा सुरू होते, ‘एखादा चांगला काउन्सेलर सांगा हो.’

हा प्रश्न अर्धाच आहे. चांगला कशासाठी, ते त्यात येत नाही. नदीकाठी उभा राहून धीर देणारा वेगळा आणि पाण्यात उतरवून हात मारायला लावणारा वेगळा. दरवर्षी तीच भीती, परीक्षेआधी तीच धडधड, घरातल्या भांडणानंतर चार-चार दिवस तोच राग, असं ज्यांचं होतं त्यांना दुसऱ्या प्रकारचा माणूस हवा असतो. ताण पेलणं हे शिकण्याचं काम आहे, आणि ते शिकवणाऱ्याला शोधताना काय विचारायचं हे ठाऊक असेल तर पैसे आणि उमेद दोन्ही वाचतात.

आधी पाटी नीट वाचावी. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द आपल्याकडे तीन वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेले मनोविकारतज्ज्ञ गोळ्या देऊ शकतात, त्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेणाऱ्यांची नोंद 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि एमए झाल्यावर दोन वर्षांचं एमफिल हा त्यांचा आजवरचा नेहमीचा मार्ग. नोंदणी क्रमांक मागितला तर खऱ्या तज्ज्ञाला राग येत नाही. तिसरे समुपदेशक. इथं मात्र एमए, एमएसडब्ल्यू झालेल्यांपासून तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्यांपर्यंत सगळे येतात. समुपदेशक म्हणजे कमी दर्जाचा असं अजिबात नाही. कुणाच्या हाताखाली, किती काळ केसेस पाहिल्या आणि अडलं तर आजही ते कुणाला विचारतात, एवढं विचारावं.

वेळ ठरवण्याआधी फोनवर पाच मिनिटं मागावीत. तुम्ही कोणत्या पद्धतीनं काम करता? विचार-वर्तन पद्धती म्हणजे सीबीटी, विवेकनिष्ठ पद्धती म्हणजे आरईबीटी, किंवा भावनांचा झटका सोसायला शिकवणारी डीबीटी, असं काहीतरी ठोस उत्तर यावं. ‘पेशंट बघून ठरवतो’ हे उत्तर चुकीचं नाही, पण मग माझ्यासारख्या तक्रारीला साधारण काय करता, हे पुढं विचारावं. किती सेशन लागतील? चिंता आणि सौम्य नैराश्यासाठी आठवड्याला एक, पाऊण तासाचं, अशी आठ ते सोळा सेशन हा सर्वसाधारण अंदाज असतो. दोन बैठकांत बरं करण्याची हमी देणारा, किंवा वीस बैठकांचे पैसे आधी मागणारा, दोघांपासून दूर राहावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी करायला काय देता, हे विचारावं. सेशन आठवड्यातून एकदा. भीती मात्र रोज येते. घरचा अभ्यास न देणारा कौशल्य शिकवत नसतो, ऐकून घेत असतो.

प्रगती कशी मोजता, हेही विचारावं. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची, 0 ते 27 गुणांची प्रश्नावली आहे आणि चिंतेसाठी जीएडी-7 ही सात प्रश्नांची, 0 ते 21 गुणांची. दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि दोन्ही विनाशुल्क आहेत. पहिल्या दिवशी 15 आणि सहाव्या सेशनला 14 आले, तर पद्धत बदलायची की माणूस, यावर समोरासमोर बोलता येतं. आकडा नसेल तर ‘जरा बरं वाटतंय’ म्हणत वर्ष निघून जातं.

हे शिकणं प्रत्यक्षात कसं असतं, ते पुराच्याच भीतीवर सांगतो. एखाद्या बाई जून संपल्यापासून दर दहा मिनिटांनी मोबाईलवर पाण्याची पातळी पाहतात. कोयनेतून किती विसर्ग, अलमट्टीचं काय, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कुणी काय टाकलं. पाहिलं की दोन मिनिटं बरं वाटतं, आणि नेमकी तीच अडचण आहे. मन असं शिकतं की पाहिलं म्हणून निभावलं, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर पाहायला लावतं. इथं चांगला थेरपिस्ट पहिल्या आठवड्यात काहीच बदलायला सांगत नाही. वहीत फक्त चार रकाने भरायचे : वेळ, मनात काय आलं, भीती 0 ते 10 मध्ये किती, आणि मग काय केलं.

दुसऱ्या आठवड्यात भीतीची वाटणी होते. ज्याची तयारी करता येते ते कागदावर : अमुक फुटाला सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, अमुक फुटाला गाद्या माडीवर आणि जनावरं हलवायची, अमुक फुटाला कुणाकडे जायचं. आकडे प्रत्येक घराचे वेगळे, ते घरच्यांनी मिळून ठरवायचे, आणि प्रशासनाची स्थलांतराची सूचना आली की कागद बाजूला ठेवून निघायचं. तयारी झाल्यावर उरते ती नुसती काळजी. तिच्यासाठी पातळी पाहायच्या तीन वेळा ठरतात, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. एकदम दहा मिनिटांवरून तीन वेळांवर उडी मारली की हमखास फसते. म्हणून मधलं अंतर आधी वीस मिनिटं, मग चाळीस, मग दोन तास असं वाढवत न्यायचं.

त्या मधल्या वेळात श्वास कामाला येतो, पण तोही बहुतेकांना चुकीचा शिकवला जातो. घाबरल्यावर ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की माणूस भराभर मोठे श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हाताला मुंग्या येतात, गरगरतं, आणि भीती दुप्पट होते. मोठा नको, सावकाश हवा : पोटावर हात ठेवून चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. हा सराव दिवसातून दोनदा, शांत असताना करायचा. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. ‘काही होत नाही गं आई’ असं मुलानं दिवसातून वीसदा म्हणणं हेही मोबाईल पाहण्यासारखंच काम करतं. एखाद्या सेशनला, त्या बाईंच्या संमतीनं, घरच्यांना बोलावून ‘आपलं ठरलंय, आठ वाजता दोघं मिळून पाहू’ एवढंच म्हणायला शिकवावं लागतं.

काही वेळा मात्र कौशल्यं शिकवणाऱ्याकडे आधी जायचंच नसतं. कानात आवाज येत असतील, झोप न घेताही माणूस दिवसच्या दिवस भलत्याच जोशात असेल, जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा रोजची दारू अचानक सोडल्यावर हात थरथरत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा थेट सिव्हिल. दारू अशी एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं. नुसता थकवा, धडधड, उदासी असली तरी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्यावं. मूळ शरीरात असेल तर बोलून काय होणार? गोळ्या सुरू असतील तर नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नये, आणि ‘माझ्याकडे आलात, आता गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे पुन्हा जाऊ नये.

आपल्याकडचा खरा अडसर पैशापेक्षा ‘कुणी पाहिलं तर’ हा आहे. दवाखान्याच्या बाकावर नेमका भावकीतला भेटतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 23 नं गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमची माहिती नवऱ्यालाही परस्पर देता येत नाही. तरीही बाकाची भीती वाटत असेल तर सांगलीकरांनी मिरज किंवा कोल्हापूर गाठावं, साताऱ्याच्या माणसानं कराड. जत, आटपाडीहून येणाऱ्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, त्यानं पहिली दोन सेशन प्रत्यक्ष आणि पुढची व्हिडिओवर मागून घ्यावीत. रेंज कुठं मिळते आणि दार कुठल्या खोलीला आहे, हे आधी पाहून ठेवावं. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, चोवीस तास, मोफत आणि मराठीतून. तिथं रोज तोच माणूस मिळेल असं नाही, पण पुढं कुठं जायचं याची दिशा मिळते.

म्हणून दोन मागण्या. सिव्हिलच्या मनोविकार विभागाबाहेर कोण, कोणत्या वारी, कोणत्या पदवीसह बसतं, याचा ठळक फलक लावावा आणि आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळी ठेवावी, म्हणजे कामावरच्या माणसाला रजेचं कारण सांगावं लागणार नाही. आणि संपादक महोदय, पातळीच्या त्या चौकटीत फुटांच्या आकड्याखाली एक ओळ मावते. तिथं यंदा जुलै ते सप्टेंबर रोज 14416 छापावं, ही विनंती.

आपले,
समुपदेशन व मनोविकार सेवेत काम करणारे काही जण,
सांगली-मिरज