दुहेरीकरण होऊ द्या, पण दगडी स्थानके राहू द्या : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

पुणे–मिरज मार्गाचे दुहेरीकरण ही आम्हा सांगलीकरांची फार जुनी मागणी असून त्या कामाला आमचा मनापासून पाठिंबा आहे. हे पत्र त्याच मार्गावरील लहान गावांच्या जुन्या स्थानकांविषयी आहे.

सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात येथे मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग टाकला. १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज, म्हणजे त्याहून रुंद, झाला तेव्हा काही ठिकाणी रुळांची वाटच बदलली. तोवर मिरजेहून निघालेल्या फाट्यावर असलेली सांगली मुख्य मार्गावर आली. मिरजेत तर काही वर्षे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या येत. आज तिथल्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलाला हे सांगणारी कोणतीच खूण दिसत नाही, याचे वाईट वाटते.

आमच्याकडच्या एका स्थानकाची भिंत काळ्या ताशीव दगडाची आहे, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याच्या आहेत आणि छपरावर मंगलोरी कौले. गेल्या वेळच्या रंगरंगोटीत त्या दर्जांवर सिमेंट थापले गेले आणि दगडावर तैलरंगाचा जाड थर चढला. चुन्याची भिंत ओल शोषते तशी बाहेरही टाकते. वरून सिमेंट आणि रंग बसला की ओल आत कोंडते. दोन पावसाळ्यांत जोत्यालगतच्या रंगाचे पापुद्रे सुटले आणि हात लावला की आतला चुना भुकटीसारखा बोटांवर येतो. खर्च झाला, तो भिंतीचे आयुष्य कमी करण्यासाठी.

ज्या स्थानकाशी इतिहास थेट जोडलेला आहे, तिथे तर अधिक जपायला हवे. ७ जून १९४३ रोजी याच मार्गावरील शेणोलीजवळ क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने, म्हणजे त्यांच्या सशस्त्र दलाने, ब्रिटिश सरकारची पगाराची गाडी अडवून रक्कम ताब्यात घेतली. जी. डी. बापू लाड त्या मोहिमेत होते. शेणोलीच्या फलाटावर ही हकीकत मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेली असावी.

आपणास विनंती इतकीच की, नव्या रुळासाठी एखादी दगडी इमारत पाडण्याआधी तिची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे घेतली जावीत. रुळांच्या आड न येणाऱ्या इमारती तिकीटघर किंवा प्रतीक्षालय म्हणून वापरात ठेवाव्यात. आणि त्यांची दुरुस्ती चुन्यातच करावी, अशी अट निविदेत घालावी. पावसाळ्याआधी हा आदेश निघाला, तर निदान उरलेल्या भिंती यंदा वाचतील.

आपला नम्र,
एक नियमित प्रवासी, सांगली