त्या दहा मिनिटांच्या आधीचे दोन तास

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'कुंग फू फायटिंग' या इंग्रजी गाण्यावरचा लेख वाचला. 1974 सालच्या गाण्याला तुम्ही अर्धं पान दिलंत, याचा मनापासून आनंद झाला. पण 'दहा मिनिटांत जमलेली जादू' हा मथळा आणि निर्मात्याचा 'एक इंग्लिश संगीतकार' असा उल्लेख, या दोन गोष्टी मनाला लागल्या. मी एकतीस वर्षं रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवलं आहे, म्हणून हे पत्र.

आधी नावाचं. ते निर्माते इंग्लिश नव्हते. त्यांचं नाव बिद्दू अप्पय्या, जन्म बंगळुरूचा. तरुणपणी तिथेच बँडमध्ये गायले, वाजवलं आणि मग इंग्लंड गाठलं. 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' ज्यांनी केलं, नाझिया हसनला ज्यांनी घराघरांत पोहोचवलं, आणि 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' ज्यांचं, तेच हे बिद्दू. आपल्या वाचकांना हे नाव द्यायला हवं होतं.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. दहा मिनिटं खरीच आहेत, बिद्दूंनी स्वतः ही हकिकत सांगितलेली आहे. पण ती सुटी काढून दाखवली की चुकीचं चित्र उभं राहतं. स्टुडिओ घेतला होता तीन तासांसाठी. जमैकात जन्मलेले गायक कार्ल डग्लस यांच्याकडून अमेरिकन गीतकार लॅरी वाइस यांचं एक गाणं गाऊन घ्यायचं होतं. रेकॉर्डची मुख्य बाजू ती. त्या गाण्यावर दोन तासांहून जास्त वेळ गेला. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून बिद्दूंनी डग्लसना विचारलं, तुझ्याकडे काही शब्द आहेत का? त्यांनी चार-पाच कागद पुढे केले, त्यातलं कुंग फूचं बिद्दूंनी उचललं आणि त्याला चाल लावली. विश्रांती झाली आणि उरलेल्या दहा मिनिटांत दोन टेकमध्ये, म्हणजे दोनदा वाजवून, गाणं झालं.

ज्यानं रेकॉर्डिंगची शिफ्ट केली आहे त्याला यातली मेख लगेच कळते. दोन तास एकत्र वाजवून ताफा तापलेला असतो. ड्रमवाल्याला बासवाल्याचा हात कळलेला असतो, माइक लागलेले असतात, गळा मोकळा झालेला असतो. शिवाय मागची बाजू, ती कोण ऐकणार, म्हणून कुणाच्या डोक्यावर ओझं नाही. ते 'हू!' आणि 'हा!' एरवी कुणी इतके सढळ हातानं पेरले नसते. तुम्ही आज ते पुन्हा ऐका. वर सगळा धुडगूस चाललाय, पण खाली ठेका एका जागी कसा घट्ट बसलाय बघा. घाईत वाजवलेलं असं लागत नाही.

मला हे सांगता येतं कारण मी एकदा ते अनुभवलंय. एका चित्रपटाचं मोठं गाणं सकाळपासून चाललं होतं. दुपारी टेक ओके झाला, शिफ्ट संपायला थोडाच वेळ उरला होता. शेजारच्या वादकानं बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, सैल करून पेटीत ठेवलाही होता. तेवढ्यात संगीतकार म्हणाले, पाठलागाच्या प्रसंगाला मिनिटभराचा तुकडा हवाय, नोटेशन नाही, मी गातो तसं वाजवा. त्यानं बो पुन्हा बाहेर काढला, स्क्रू फिरवून ताणला, आणि एका टेकमध्ये तो तुकडा झाला. गाणं लोक विसरले. तो तुकडा अजून ऐकू येतो. श्रेयनामावलीत आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं, ते अजूनही सलतं.

लेखात गाणं 'रेडिओनं उचलून धरलं' असंही म्हटलंय. घडलं ते उलट. पाय रेकॉर्ड्स या कंपनीतल्या रॉबिन ब्लँचफ्लॉवर यांनी मागच्या बाजूचं गाणं ऐकलं आणि हेच पुढे हवं असा आग्रह धरला. रेकॉर्ड बाजारात आल्यावर पहिले पाच आठवडे रेडिओनं ती वाजवलीच नाही, खपही जेमतेम. वाजवली ती नाचाच्या क्लबांनी. कुंग फूच्या चित्रपटांचा नायक ब्रूस ली, त्याला जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, त्याच्या चित्रपटांचं वेड शिगेला होतं. ऑगस्टच्या मध्यावर गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 42व्या क्रमांकावर आलं, 21 सप्टेंबरला पहिलं झालं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेतही पहिलं. म्हणजे नाचणाऱ्या पोरापोरींनी ते वर नेलं.

एक बाब मात्र लेखात यायला हवी होती. गाण्यात चिनी माणसांसाठी वापरलेला शब्द आज हिणकस मानला जातो, आणि 'चीन' सुचवायला पाश्चात्त्य संगीतात पूर्वीपासून चालत आलेली एक ठरावीक सुरावट त्यात आहे. चिनी वंशाच्या अनेकांना शाळेत या गाण्यावरून चिडवलं गेलं. मला गाणं आवडतं, पण त्यांचं म्हणणं मला पटतं. आपल्या बोलण्याची नक्कल करून कुणी गाणं केलं, तर आपल्याला ते कसं लागेल?

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती: 'कुंग फू फायटिंग', शब्द आणि गायन कार्ल डग्लस, निर्माते बिद्दू अप्पय्या, जन्म बंगळुरू.

आपला,
एक निवृत्त व्हायोलिनवादक